खारटणात तगणारा भात कुणाचा?

गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारवट शेतांत, मानशीची (पाणी अडवणाऱ्या दाराची) फळी कुजली किंवा बांधाला भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात शिरतं आणि एरवीची भातं करपतात. कोरगूट हा गावठी भात मात्र तगतो. जुन्या गोव्याच्या एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून 'गोवा धान 1' आणि '2' हे वाण काढले.

मे 2025 मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित, म्हणजे रोपाच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला 'पुसा डीएसटी राइस 1' खारवट जमिनीतही तगावा म्हणून घडवलेला. 'एमटीयू 1010' या चालू वाणातलं डीएसटी हे जनुक क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने निकामी केलं आहे. ते बंद पडलं की पानांवरची रंध्रं कमी होतात, कमी उघडतात, बाष्पावाटे पाणी कमी जातं आणि रोप दुष्काळ व क्षार दोन्ही सोसतं. अंतिम रोपात परकं जनुक नाही.

म्हणून त्याला जीईएसी या केंद्राच्या जनुक-अभियांत्रिकी समितीच्या मंजुरीची गरज पडली नाही. 1989 च्या नियमांप्रमाणे जीएम, म्हणजे परकं जनुक घातलेल्या, पिकाला ती लागते. बीटी वांग्याला समितीने 2009 मध्ये ती दिलीही होती, पण फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ती रोखली. मार्च 2022 च्या आदेशाने मात्र परक्या जनुकाविना केलेल्या संपादनाला सूट मिळाली; आता संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीचा निर्वाळा पुरतो. शास्त्र म्हणून हे मला पटतं, कारण असे बदल निसर्गातही होतात. पण रोप घडवणाऱ्यांच्याच घरच्या समितीने ते निर्धोक ठरवावं, हे पचत नाही. (तिच्यावर सरकारी प्रतिनिधी असतो, हे खरं.)

खरा पेच हक्काचा आहे. बीटी वांग्यासाठी कर्नाटकातली गावठी वाणं परवानगीविना वापरल्याचा ठपका राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने ठेवला होता. तिथे निदान बी तरी हाताळलं गेलं होतं. उद्या कोरगुटाच्या क्षारसहनशीलतेचं जनुक सापडलं, तर त्याचा डीएनए-अनुक्रम संगणकावर वाचून तोच बदल दुसऱ्या भातात करता येईल. खाजनातला एक दाणाही लागणार नाही. मग वाण राखणाऱ्यांचा लाभाचा वाटा कुणी कुणाला द्यायचा? कोलंबियातल्या काली शहरी 2024 मध्ये ठरलेला जागतिक निधी यासाठीच आहे, पण कंपन्यांनी त्यात पैसे घालणं ऐच्छिक आहे. पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत कोरगूट कोण राखतो हे नीट लिहिलेलं असेल, तरच गावाला दावा सांगता येईल.