जिमी हेंड्रिक्स: चार वर्षांच्या कीर्तीमागची साथसंगत

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर टांगलेल्या टी-शर्टांवर आणि वसतिगृहांच्या भिंतींवर कपाळाला पट्टी बांधलेला, दाट कुरळ्या केसांचा जो गिटारवादक वर्षानुवर्षे दिसत आला आहे, त्याच्याविषयी बहुतेकांना तीन गोष्टी ठाऊक असतात: त्याने भर मंचावर गिटार पेटवली, तो दातांनी वाजवत असे आणि वयाच्या २७व्या वर्षी तो गेला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांवरून जिमी हेंड्रिक्स हा कुठून तरी अचानक उगवलेला आणि तितक्याच अचानक विझलेला कलावंत होता असा जो समज होतो, तो चुकीचा आहे. सप्टेंबर १९६६ ते सप्टेंबर १९७० ही त्याच्या कीर्तीची उणीपुरी चार वर्षे, आणि त्यांच्या आधी जवळजवळ तितकीच वर्षे त्याने दुसऱ्यांच्या मागे उभे राहून साथ करण्यात घालवली होती. त्याच्या वादनाचे मर्म या साथीच्या वर्षांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हेंड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल शहरात झाला. आई ल्युसिल तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती आणि वडील अल लष्करी सेवेत दूर होते. आईने ठेवलेले जॉनी ॲलन हे नाव वडिलांनी परत आल्यावर बदलून जेम्स मार्शल असे केले. घर गरिबीचे आणि भांडणांचे होते. १९५१ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि १९५८ मध्ये आई वारली. वडिलांबरोबर अडगळ उपसण्याच्या कामाला गेला असताना त्याला एक टाकून दिलेले, एकच तार उरलेले युकुलेले, म्हणजे गिटारसारखे छोटे वाद्य, सापडले आणि त्यावर तो ऐकलेल्या चाली काढू लागला. पुढे पाच डॉलरची जुनी गिटार आणि त्यानंतर वडिलांनी घेऊन दिलेली इलेक्ट्रिक गिटार, असा त्याचा प्रवास झाला. रीतसर शिक्षण त्याने कधी घेतले नाही आणि स्वरलेखन त्याला अखेरपर्यंत वाचता येत नव्हते.

चोरीच्या मोटारीत बसून फिरल्याबद्दल १९६१ मध्ये दोनदा पकडला गेल्यावर तुरुंग किंवा सैन्य असा पर्याय त्याच्यापुढे आला आणि तो हवाई छत्रीधारी दलात भरती झाला. सैनिक म्हणून तो कामचुकार होता. सुमारे वर्षभरात, जून १९६२ मध्ये, त्याला सेवेतून मोकळे करण्यात आले. केंटकीतल्या लष्करी छावणीत त्याला एकच मोलाची गोष्ट मिळाली, ती म्हणजे बास गिटार वाजवणारा बिली कॉक्स हा मित्र.

यानंतरची वर्षे मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहेत. वर्णभेदाच्या त्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलावंतांसाठी आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी असलेल्या क्लब, नाट्यगृहे आणि खानावळींची एक साखळी होती. तिला ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. बसमधून शेकडो मैल प्रवास करायचा, रात्री वाजवायचे, पदरात पडेल ते घ्यायचे आणि पुढच्या गावी निघायचे, असा हा धंदा होता. हेंड्रिक्सने इथे आयझ्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांच्या मागे गिटारवर साथ केली. साथीदाराने एकसारखा सूट घालावा, ठरलेली पावले टाकावीत आणि मुख्य गायकाच्या आवाजावर कुरघोडी करू नये, असा तिथला दंडक होता. झालरीचे सदरे घालण्याच्या हौसेपायी आणि वेळ न पाळण्यापायी लिटल रिचर्डशी त्याचे खटके उडत. आपल्याकडे मैफिलीत हार्मोनियमवाला गायकाची जागा हुबेहूब उचलतो, पण एक स्वरही जास्त लावत नाही, तशीच ही शिस्त होती, आणि ती हेंड्रिक्सला जाचली तरी त्याच्या हातात मुरली. कर्टिस मेफील्डसारख्या वादकांकडून त्याने स्वरमेळ धरता धरताच त्यात बारीक सुरावट गुंफण्याची रीत उचलली. १९६७ मधले ‘लिटल विंग’ हे जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे ऐकले, की ताल धरणारी गिटार कुठे संपते आणि गाणारी गिटार कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, याचे कारण हेच आहे. डोक्यामागे गिटार धरून वाजवण्यासारखे ज्याला आपण त्याचे चाळे समजतो, तेही टी-बोन वॉकर यांच्यासारख्या ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतशैलीतल्या ज्येष्ठ वादकांपासून या वर्तुळात चालत आले होते.

याच काळात, ऑक्टोबर १९६५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये हाती पैसा नसताना त्याने एका निर्मात्याच्या कागदावर सही केली. तीन वर्षांचा तो करार एक डॉलर आणि एक टक्का मानधन एवढ्यावर झाला होता. त्या वेळी त्याला या कागदाचे काहीच वाटले नाही. पुढे तो त्याच्या गळ्यात अडकला.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या ‘कॅफे वा’ या लहानशा जागेत तो स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवत असताना ‘द ॲनिमल्स’ या ब्रिटिश बँडचा बासवादक चॅस चँडलर याने त्याला ऐकले. चँडलरला वादन सोडून निर्माता व्हायचे होते आणि ‘हे जो’ हे गाणे कुणाकडून तरी रेकॉर्ड करून घ्यावे असे त्याच्या मनात घोळत होते. नेमके तेच गाणे हेंड्रिक्स त्या दिवशी वाजवत होता. २४ सप्टेंबर १९६६ रोजी दोघे लंडनला उतरले. बासवादक नोएल रेडिंग आणि ड्रमवादक मिच मिचेल यांच्यासह ‘द जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स’ हे त्रिकूट उभे राहिले, आणि लंडनला आल्यापासून आठवड्याभरातच तिथल्या एका महाविद्यालयात ‘क्रीम’ या बँडच्या कार्यक्रमात हेंड्रिक्स मंचावर चढून वाजवू लागला तेव्हा त्या बँडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याचे हात थांबले.

हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताच्या लोकांसाठी केलेली फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर उलटी धरून तो तिच्या तारा उलट क्रमाने चढवत असे. यामुळे तारा टेकतात त्या पुलाजवळचा तिरका पिकअपही, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा भागही, उलटा होई, जाड तारांचा आवाज अधिक खणखणीत आणि बारीक तारांचा किंचित मऊ येई. लांब अंगठा मानेवरून वळवून तो खर्जाचा स्वर धरी, त्यामुळे उरलेली चार बोटे सुरावटीसाठी मोकळी राहत. गिटार अ‍ॅम्प्लिफायरजवळ नेली की जी शिटी वाजते, ती एरवी दोष मानली जाई. ती शिटी नेमक्या स्वरावर टिकवून, वळवून त्याने तिला वाद्याच्या आवाजाचा भाग केले. तार ओढून स्वर चढवण्याची त्याची पद्धत ब्लूजमधून आलेली आहे, परंतु मिंडेची सवय असलेल्या कानाला ती चटकन जवळची वाटते.

१८ जून १९६७ हा दिवस भारतीय वाचकासाठी महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथील महोत्सवात त्या रविवारी दुपारी पं. रविशंकर यांनी अल्ला रखाँ यांच्या तबल्याच्या साथीने सतार वाजवली आणि त्याच मंचावर रात्री हेंड्रिक्सने आपल्या वादनाच्या शेवटी गिटारवर इंधन ओतून ती पेटवली. ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीच्या शिफारशीवरून त्याला तिथे बोलावण्यात आले होते. रविशंकर यांना या प्रकाराचा फार त्रास झाला आणि तो त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवला. खंडेनवमीला वाद्यांची पूजा करणाऱ्या, तानपुऱ्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या परंपरेतल्या माणसाला हे पटणे शक्यच नव्हते, आणि पुण्यातल्या कोणत्याही गाणाऱ्या घरात आजही पटणार नाही. तरीही एक नोंद करावीशी वाटते: जाळपोळ काही मिनिटांची होती, त्याआधीचे वादन ऐकण्यासारखे आहे, आणि चित्रफीत बघणारे बहुतेक जण तेवढे टाळून पुढे जातात.

त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ या दुसऱ्या अल्बमचे मुखपृष्ठ तर थेट आपल्या देवघरातून उचललेले होते. विराट पुरुषाच्या, म्हणजे विष्णूच्या विश्वरूपाच्या, छापील तसबिरीत मधल्या मुखांच्या जागी हेंड्रिक्स, रेडिंग आणि मिचेल यांचे चेहरे बसवण्यात आले. अशा तसबिरींची परंपरा पुण्याला परकी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये इथे चित्रशाळा काढली आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला होता. गीतेच्या अकराव्या अध्यायातले ते दर्शन रॉकच्या रेकॉर्डवर पाहून कुणाला राग यावा हेही स्वाभाविक आहे. २०१४ मध्ये मलेशियात या मुखपृष्ठावर बंदी आली. परंतु हा उद्योग रेकॉर्ड कंपनीचा होता. आपल्या तिघांचा या चित्राशी काही संबंध नाही, अशी हेंड्रिक्सची तक्रार होती, आणि आपल्या आजीकडून आलेला म्हणून घरात सांगितला जाणारा अमेरिकेतल्या मूलनिवासींचा वारसा तिथे दिसावा असे त्याला वाटत होते.

१९६८ चा ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ हा त्याचा तिसरा आणि हयातीतला शेवटचा स्टुडिओ अल्बम. एकच गाणे पुन्हापुन्हा रेकॉर्ड करण्याच्या त्याच्या हट्टाला कंटाळून चँडलर याच काळात बाजूला झाला. १९६९ च्या मध्याला त्रिकूट मोडले. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात तो सोमवारी सकाळी मंचावर आला तेव्हा लाखोंचा जमाव बराचसा पांगला होता. तिथे त्याने वाजवलेल्या अमेरिकी राष्ट्रगीतात बाँबचे आणि विमानांचे आवाज ऐकू येतात, आणि व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

एक डॉलरचा करार मात्र उलटला होता. हेंड्रिक्स नामांकित होताच जुन्या निर्मात्याने दावा लावला आणि तडजोडीत एक संपूर्ण अल्बम देणे भाग पडले. बिली कॉक्स आणि ड्रमवादक बडी माइल्स यांच्यासह १९७० च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात वाजवलेला ‘बँड ऑफ जिप्सीज’ त्या देण्यापोटी गेला. ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्याच्या मालकीचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ सुरू झाला, पण त्यात काम करायला त्याला फारसा अवधी मिळाला नाही. १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अमलाखाली उलटी श्वासनलिकेत जाऊन त्याचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूच्या परिस्थितीबाबत निश्चित निष्कर्ष काढण्यात आला नाही.

मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे वारसा वडिलांकडे गेला, परंतु संगीताचे हक्क प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात यायला १९९५ साल उजाडले, तेही खटला लढवून. कुटुंबाच्या कंपनीने त्या एक डॉलरच्या काळातली ध्वनिमुद्रणेही पुढे मिळवली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत गाणारा कर्टिस नाइट आहे, आणि हेंड्रिक्स त्याच्या मागे साथीला वाजवतो आहे.