ऑपेरा आणि म्यूझिकल: एकाच महाविद्यालयाच्या नाट्यहंगामात

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात १८६७ साली एक कन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतशाळा, सुरू झाली आणि १८७८ साली एक संगीत महाविद्यालय. या दोन्ही संस्था १९५५ मध्ये एकत्र आल्या, १९६२ मध्ये तेथील विद्यापीठात सामील झाल्या आणि 'कॉलेज-कन्झर्व्हेटरी ऑफ म्यूझिक' असे जोडनाव घेऊन आजही नांदत आहेत. या महाविद्यालयात ऑपेरा आणि म्यूझिकल थिएटर यांचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे गाजलेल्या कॅथलीन बॅटल येथेच शिकल्या आणि १९९२ मध्ये म्यूझिकलमधील भूमिकेसाठी अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या फेथ प्रिन्स याही येथल्याच. दोघीही नाटकात गाणाऱ्या. पण एकीची भूमिका ऐनवेळी दुसरीला दिली असती, तर त्या रात्रीचा प्रयोग बहुधा पार पडला नसता. तो का पार पडला नसता, हे समजले की ऑपेरा आणि म्यूझिकल यांतील भेदही समजतो.

मराठी वाचकाचा या दोन प्रकारांबाबत घोटाळा होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे दोहोंसाठी 'संगीत नाटक' हाच शब्द सर्रास वापरला जातो. 'संगीतिका' हा वेगळा शब्द आहे खरा, परंतु तो नभोवाणीच्या वर्तुळाबाहेर फारसा रुळला नाही. त्यातच मुंबईतील ज्या वास्तूचे उद्घाटन पाचव्या जॉर्जच्या हस्ते १९११ मध्ये झाले आणि जिच्यावरून आजूबाजूची सारी वस्तीच ओळखली जाऊ लागली, त्या 'ऑपेरा हाऊस'मध्ये बालगंधर्वांची आणि मास्टर दीनानाथांची गाणी रंगली. त्यामुळे ते जे गात होते तोच ऑपेरा, असे कोणाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

भेद विचारला की एक ठराविक उत्तर मिळते: ऑपेरात सगळे गाऊन म्हटले जाते आणि म्यूझिकलमध्ये मध्येमध्ये संवाद असतात. हे उत्तर लक्षात ठेवायला सोपे असले, तरी चुकीचे आहे. मोझार्टचा 'द मॅजिक फ्लूट' (१७९१) जर्मन भाषेतील बोलक्या संवादांनी भरलेला आहे. बिझेचा 'कार्मेन' मार्च १८७५ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम झाला तेव्हा त्यातही संवाद होते. जूनमध्ये बिझे निवर्तले आणि त्यानंतर अर्नेस्ट गिरो यांनी त्या संवादांच्या जागी गाऊन म्हणायचे भाग रचले. उलट १९८५ मध्ये लंडनला आलेले 'ले मिझराब्ल' हे म्यूझिकल जवळजवळ पूर्णपणे गायले जाते. म्हणजे संवादांचे माप लावले, तर 'मॅजिक फ्लूट' म्यूझिकल ठरेल आणि 'ले मिझराब्ल' ऑपेरा, जे दोन्हीकडच्या मंडळींना मान्य होणार नाही.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की नाट्याचा भार कोणाच्या खांद्यावर आहे आणि तो भार श्रोत्यापर्यंत कोणत्या साधनाने पोहोचतो. ऑपेरात तो भार आवाजावर असतो आणि साधनही आवाजच. ध्वनिवर्धकाशिवाय, चाळीस-पन्नास वादकांच्या वाद्यवृंदावरून सूर शेवटच्या रांगेपर्यंत नेणे हे तेथील मूळ कौशल्य आहे. स्वीडनमधील संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात यामागचे गणित मांडले. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असतो आणि तेथून वर तो उतरत जातो. तालीम झालेला गायक, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्र खाली ठेवून घशाची पोकळी अशी घडवतो की आवाजातील बरीचशी ऊर्जा ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते, म्हणजे वाद्ये जेथे दुबळी पडतात नेमकी तेथे. आवाज मोठा असण्यापेक्षा मोकळ्या जागेतून वाट काढणे येथे अधिक उपयोगी पडते. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो हाच हेतू जबडा अधिक उघडून निराळ्या रीतीने साधतात. सिनसिनाटी ऑपेराने १९२० पासून पन्नासहून अधिक उन्हाळे शहराच्या प्राणिसंग्रहालयात प्रयोग केले आणि तेथे गायकांना वाद्यवृंदाबरोबर पशुपक्ष्यांच्या आवाजांशीही सामना करावा लागे. त्या परीक्षेला कोणत्या हर्ट्झची मात्रा लागू पडत असे, हे त्या गायकांनाच ठाऊक.

म्यूझिकलमध्ये हे काम यंत्राकडे सोपवलेले असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्रयोगापूर्वी रंगपटात गेल्यास दिसते की तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन केसांच्या रेषेवर, कपाळाच्या अगदी वर टेकवलेला असतो. त्याची वायर टोपाखालून मानेवर उतरते आणि कमरेला बांधलेल्या पिशवीतील प्रक्षेपकाला जाऊन मिळते. प्रेक्षागृहाच्या मागे बसलेला ध्वनिसंयोजक संहिता समोर ठेवून प्रत्येक नटाची कळ त्याच्या वाक्यापुरती वर करतो आणि वाक्य संपताच खाली आणतो. यामुळे नटाला कुजबुजत गाता येते, बोलता-बोलता सुरात शिरता येते आणि छातीचा आवाज तसाच वर ओढून नेण्याचे, ज्याला 'बेल्टिंग' म्हणतात ते, तंत्र वापरता येते. शब्द स्पष्ट कळणे हा म्यूझिकलचा पहिला नियम आहे, कारण तेथे गाणे ही संवादाचीच पुढची पायरी असते. ऑपेरात शब्द हरवला तरी सूर प्रसंग सांभाळून नेतो. शिवाय १९८३ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या प्रथेमुळे आता रंगमंचाच्या वर अनुवादाच्या ओळीही झळकत असतात.

महाविद्यालयाच्या हंगामावर या भेदाचा जो परिणाम होतो, तो व्यावसायिक रंगभूमीवर इतका उघड दिसत नाही. विद्यार्थी अठरा ते बावीस वर्षांचे असतात, फार तर पदव्युत्तर शिक्षणातले. म्यूझिकलमधील अनेक नायक-नायिका याच वयाच्या असल्याने भूमिका अंगावर बेतल्यासारखी बसते. ऑपेराचा गळा मात्र बहुधा तिशीत पक्व होतो. विशीतल्या मुलाला वॅग्नरच्या अवजड वाद्यवृंदाच्या ऑपेरांच्या वाटेने धाडणे म्हणजे त्याचा गळा गहाण टाकणेच. म्हणून महाविद्यालये मोझार्ट, हँडेल अशा तुलनेने हलक्या वाद्यमेळाच्या रचनांकडे वळतात. दुसरी अडचण संख्याबळाची आहे. सोप्रानो मुली भरपूर आणि टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाची, मुले मोजकी, ही बहुतेक संगीत महाविद्यालयांची नित्याची कथा असल्याने केवळ स्त्रीपात्रे असलेला पुचिनीचा 'स्वोर आंजेलिका' (१९१८) किंवा जोगिणींच्या मठात घडणारा पुलांकचा 'डायलॉग्ज ऑफ द कार्मेलाइट्स' (१९५७) या रचना वारंवार निवडल्या जातात. ही सोय आजची नाही: हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड इनियस'चा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग लंडनजवळच्या चेल्सी येथे, १६८९ च्या सुमारास, जोसायस प्रीस्ट यांच्या मुलींच्या शाळेत झाला होता.

गळ्याला विश्रांती हवी म्हणून विद्यार्थी ऑपेराच्या मुख्य भूमिकांसाठी बहुधा दोन संच असतात आणि फलकावर प्रत्येक पात्रापुढे दोन नावे लागतात. एक संच शुक्रवारी आणि रविवारी गातो, दुसरा शनिवारी. म्यूझिकलचे विद्यार्थी न्यूयॉर्कच्या ज्या ब्रॉडवेच्या, म्हणजे व्यावसायिक रंगभूमीच्या, दिशेने निघालेले असतात, तेथे आठवड्याला आठ प्रयोग करण्याचा रिवाज आहे. त्यामुळे त्यांना एकाच संचाने सलग प्रयोग करण्याची सवय लावली जाते. तालमींची चालही निराळी असते. ऑपेराचे विद्यार्थी इटालियन, जर्मन किंवा फ्रेंच उच्चार घोटत पियानोवादकासोबत आधी सगळे संगीत पाठ करतात आणि मगच उभे राहून हालचालींकडे वळतात. म्यूझिकलमध्ये गाणे, नृत्य आणि अभिनय पहिल्या आठवड्यापासून एकत्र बसवले जातात, आणि नाचल्यावर दम लागलेला असताना पुढची ओळ कशी म्हणायची, हा तेथील रोजचा अभ्यास असतो.

कर्तेपणाचा हिशेबही वेगळा आहे. ऑपेरा संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. संहिता लिहिणाऱ्याचे नाव जाणकारांपुरते उरते. म्यूझिकलच्या फलकावर संवादलेखक, गीतकार आणि संगीतकार यांना मानाचे स्थान असते. त्यातून एक गंमतशीर विरोधाभास निघतो. मोझार्टच्या रचनांवर आता कोणाचा हक्क उरलेला नसल्याने विद्यार्थी दिग्दर्शक त्यांतील एखाद्या काउंटला, म्हणजे सरदाराला, खुशाल आजच्या कार्यालयात आणून बसवतो, काही भाग गाळतो, पात्रांना जीन्स घालतो. अलीकडचे म्यूझिकल मात्र परवाना कंपनीकडून भाड्याने घ्यावे लागते, तिच्या अनुमतीशिवाय त्यातील एक वाक्यही बदलता येत नाही, आणि हंगाम संपल्यावर विद्यार्थी वहीतील पेन्सिलीच्या खुणा रबराने खोडून ती पुस्तके परत पाठवण्याच्या उद्योगाला लागतात. जुनी कला नव्या कपड्यांत आणि नवी कला जशीच्या तशी, असे हे उलटे चित्र आहे. पट्टीच्या बाबतीत मात्र ऑपेरा कडवा असतो: रचना ज्या पट्टीत लिहिली त्याच पट्टीत सहसा गायली जाते, तर म्यूझिकलमध्ये गळ्याप्रमाणे पट्टी बदलून घेण्याची सोय असते.

पट्टीचा विषय निघाला की आपले संगीत नाटक आठवतेच. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' सादर केले, तेव्हापासून गद्य संवाद आणि मध्ये पदे हा साचा ठरला, आणि त्या अंगाने ते म्यूझिकलच्या जवळचे आहे. परंतु 'वन्स मोअर' आला की नट कथानक थांबवून त्याच पदात नव्या जागा घेत रमतो, हे स्वातंत्र्य ना ऑपेरात आहे, ना म्यूझिकलमध्ये. तेव्हा 'मराठी ऑपेरा' आणि 'मराठी म्यूझिकल' ही दोन्ही बिरुदे संगीत नाटकाला तोकडीच पडतात. नाव किती फसवू शकते याचा दाखला पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेला 'तीन पैशाचा तमाशा' देतो. त्याचा आधार असलेले ब्रेश्टचे जर्मन नाटक (१९२८) आणि त्याच्याही मागे असलेले जॉन गे यांचे इंग्रजी नाटक (१७२८) ही दोन्ही शीर्षकात 'ऑपेरा' मिरवतात, पण दोन्ही वस्तुतः गाणी असलेली नाटके आहेत.

खरी पंचाईत होते ती सीमेवरच्या रचनांची. अमेरिकी संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांचे 'स्वीनी टॉड' १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९८४ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील ऑपेरा कंपन्यांनी ते केले. ब्रॉडवेवर ते म्यूझिकल आणि ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा, अशा आशयाचे उत्तर सॉन्डहाइम देत असत. ते वरवर टोलवाटोलवीचे वाटले तरी महाविद्यालयात तंतोतंत लागू पडते. दोन विभागांपैकी ते ऑपेरा विभागाने घेतले, तर ऑडिशनच्या सूचनेत दोन पाठ केलेल्या आरिया (ऑपेरातील एकल गाणी) मागवल्या जातात, त्यातील एक बहुधा परभाषेतील. म्यूझिकल विभागाने घेतले, तर पाश्चात्य स्वरलिपीतील सोळा मापांचा (बारचा) एक गाण्याचा तुकडा, एक स्वगत आणि नृत्यासाठी सोयीचे बूट.