‘साइट जरा हलू दे’ : एका मागणीची पार्श्वभूमी

क्लायंट म्हणतो, “छान झालंय, पण साइट जरा हलू दे.” स्लायडर, म्हणजे एकामागून एक चित्रं दाखवणारी पट्टी, आपोआप सरकावा, आकडे शून्यापासून भरभर चढावेत, स्क्रोल करताना प्रत्येक परिच्छेद कडेने उडत यावा. अनेक डिझायनर याला क्लायंटची अरसिकता म्हणतात. मला ते पटत नाही. ही हौस आली कुठून हे शोधत मागे गेलं, की बोट आपल्याच धंद्याकडे वळतं.

सुरुवात १९९४च्या आसपासची. नेटस्केप हा ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर लू मोंटुली यांनी ही आठवण सांगितली आहे. माउंटन व्ह्यूमधल्या एका बारमध्ये गप्पा चालल्या होत्या. लिंक्स हा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर. नेटस्केपच्या नव्या करामतींपैकी त्याला जमली तर फार तर अक्षरं लुकलुकवणंच जमेल, असं ते बोलून गेले. रातोरात एका सहकाऱ्याने ते करून टाकलं आणि अक्षरं लुकलुकवणारी ‘ब्लिंक टॅग’ ही खूण जन्माला आली. कुठल्याही वाचकाने ती मागितली नव्हती. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मार्की आणून अक्षरं सरकवली, आणि फिरत राहणाऱ्या जिफने, म्हणजे छोट्या हलत्या चित्रांनी, घरगुती पानं भरून गेली. पुढेही असंच होत राहिलं : एखादी गोष्ट करता येते म्हणून ती केली गेली, आणि गरज नंतर चिकटवली गेली.

फ्लॅशची गोष्ट मात्र वेगळी, कारण ते खरोखर उत्तम साधन होतं. १९९६मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने आलेलं हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर मॅक्रोमीडिया कंपनीने घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. रेषा-आकारांचं गणित साठवल्यामुळे फाइल लहान राहायची आणि डायल-अपवरही ॲनिमेशन पोचायचं. मग एजन्सींनी ‘इंट्रो’ विकायला सुरुवात केली. लोगो अंधारातून उगवायचा, संगीत वाजायचं, आणि खाली कोपऱ्यात एक बारीक बटण असायचं : ‘स्किप इंट्रो’. हे बटण मला फार बोलकं वाटतं. पाहुण्याला आत जायची घाई आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. तरी पैसे इंट्रोचे घेतले, आणि मोठी कंपनी म्हणजे अशी साइट हा समज क्लायंटच्या मनात आपणच रुजवला.

२०००मध्ये वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी ‘फ्लॅश : ९९ टक्के वाईट’ या शीर्षकाचा लेख लिहिला. बॅक बटण चालत नाही, अक्षरं मोठी करता येत नाहीत, पानात शब्द शोधता येत नाही, या त्यातल्या तक्रारी रास्त होत्या. पण फ्लॅशच्या साइटला खरा धक्का दिला तो फोनने. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही, त्यामुळे क्लायंटला स्वतःची साइट स्वतःच्याच हातात रिकामी दिसू लागली. २०२०च्या अखेरीस, तोवर फ्लॅशची मालक झालेल्या ॲडोबीने ते बंद केलं. हौस मात्र उरली; ती जावास्क्रिप्ट आणि सीएसएस या वेब पानं घडवणाऱ्या भाषांच्या अंगाने पुन्हा वर आली.

दरम्यान प्रश्न अभिरुचीचा राहिला नव्हता. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं; त्यात बहुतेक मुलं होती. ती घटना टीव्हीवरची, पण डोळे तेच. २००८च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या निकषांत दोन स्पष्ट मर्यादा आल्या : सर्वसाधारणपणे सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, आणि मजकुराशेजारी पाच सेकंदांहून जास्त काळ आपोआप हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय हवी. २०१३मध्ये आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीत पडदा झूम होत उघडायचा; त्यामुळे काहींना गरगरू लागलं. पुढे फोनमधली ‘हालचाल कमी करा’ ही सेटिंग वेबसाइटलाही वाचता येऊ लागली. २०१७मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरने ती सोय दिली.

क्लायंटशी बोलताना मी याच धाग्याला धरतो. ‘भडक दिसतं’ म्हटलं की वाद आवडीचा होतो, आणि आवडीच्या वादात बिल भरणारा जिंकतो. त्यापेक्षा नजरेबद्दल बोलावं. डोळ्याच्या कडेला काही हललं की लक्ष तिकडे जातं. वाचणाऱ्याने ठरवूनही ते रोखता येत नाही. सतत लुकलुकणाऱ्या चौकोनांना कंटाळलेला वाचक मग जाहिरातीसारखं दिसणारं सगळंच वगळायला शिकतो. या सवयीला १९९८पासून ‘बॅनर ब्लाइंडनेस’ असं नावही आहे. म्हणजे क्लायंटची सर्वांत महत्त्वाची ऑफर नेमकी तिथेच जाते, जिथे कुणी बघत नाही.

एवढ्यावर पटलं नाही तर मी क्लायंटच्याच फोनवर कच्ची साइट उघडून देतो आणि दुसऱ्या स्लाइडवरचा मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचेतो स्लाइड सरकते. अंगठा आपसूक तिला मागे ओढतो, वाचन पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होतं, आणि स्लाइड पुन्हा सरकते. बहुतेकदा पुढचा प्रश्न समोरूनच येतो : “हे थांबवता येईल का?”