फाइल कार्डावर हलवणं इतकं किचकट का झालं?

फोनमध्ये ‘जागा शिल्लक नाही’ असं झळकलं की आपलं लक्ष आधी मेमरी कार्डाकडे जातं. फोटो निवडायचे, कार्डावर टाकायचे, काम संपलं, असं वाटतं. प्रत्यक्षात मधेच फोन परवानगी मागतो, कार्डाचं मुख्य फोल्डर दाखवायला सांगतो, कधी फाइल हलतच नाही. ॲप कार्डावर न्यायचं म्हटलं तर तो पर्यायच दिसत नाही. माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तसं नसतं. कार्ड घडलं कॅमेऱ्यासाठी, आणि अँड्रॉइड फोनची आतली मांडणी आली लिनक्सकडून, म्हणजे प्रत्येक फाइल कोणाची याची नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणालीकडून. त्या दोघांना एकत्र नांदवण्याच्या खटपटीत गेली पंधरा-सतरा वर्षं नियम बदलत राहिले, आणि त्या प्रत्येक बदलाचा थोडा थोडा अवशेष आपल्या फोनमध्ये उरला आहे.

कार्डाच्या पोटात असते ती फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात ती शोधली. वीज गेली तरी मजकूर टिकतो आणि पुसून पुन्हा लिहिता येतो, हे तिचं वैशिष्ट्य. डिजिटल कॅमेऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. 1994 मध्ये काँपॅक्टफ्लॅश आलं, मग स्मार्टमीडिया, 1997 मध्ये मल्टिमीडिया कार्ड, त्यानंतर सोनीचं मेमरी स्टिक. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसत नसे. 1999 मध्ये मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक), सँडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी या कार्डाची मानकं ठरवणारी एसडी असोसिएशन स्थापन झाली. पुढे बाकीचे प्रकार हळूहळू मागे पडले.

या कार्डाकडून अपेक्षा एकच होती: कॅमेऱ्यातून काढावं, संगणकात घालावं, फोटो दिसावेत. म्हणून त्याला फॅट नावाची जुनी, साधी फाइल पद्धत दिली गेली, कारण ती जवळपास प्रत्येक यंत्राला वाचता येते. या पद्धतीत फाइलचं नाव, आकार आणि तारीख यांची नोंद असते, पण ती कोणाची आहे याची नोंदच नसते. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्या सगळ्या फाइली. पुढचा सगळा गुंता या एका गोष्टीतून निघाला असं माझं मत आहे.

कॅमेऱ्याच्या त्या दिवसांची एक खूण आजही प्रत्येक फोनमध्ये सापडते. फाइल मॅनेजर उघडलात की ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसेल. ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’चं ते लघुरूप. कोणत्याही कॅमेऱ्याचे फोटो कोणत्याही यंत्राला सापडावेत म्हणून 1998 मध्ये जपानी उद्योगाने ठरवलेल्या मानकातून ते आलं. कार्ड नसलेल्या फोनमध्येसुद्धा ते असतं.

फोनसाठी एसडी कार्ड मोठंच होतं. 2004 मध्ये सँडिस्कने ट्रान्सफ्लॅश नावाचं नखाएवढं कार्ड आणलं. 2005 मध्ये त्याचंच नाव मायक्रोएसडी झालं. 15 मिमी लांब, 11 मिमी रुंद, 1 मिमी जाड. हे माप आजतागायत तेच आहे, क्षमता मात्र मेगाबाइटमधून टेराबाइटपर्यंत गेली. त्या काळच्या बऱ्याच फोनमध्ये कार्ड बॅटरीखाली असायचं. कार्ड बदलायचं म्हणजे मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड सरकवा आणि फोन पुन्हा चालू होईपर्यंत थांबा. पण गाणी, फोटो, रिंगटोन यांची ने-आण सरळ असायची, कारण फोनला त्यांच्याशी फार देणंघेणं नव्हतं.

2008 मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, एचटीसीने बनवलेला. त्याची आतली साठवण होती अवघी 256 मेगाबाइट. त्यामुळे कार्ड ही चैन नव्हती. फोटो थेट कार्डावरच जात. जागा कमी पडायची ती ॲपना. म्हणून 2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 ने ॲप कार्डावर हलवायची सोय दिली. तीही अर्धीच, कारण ॲप बनवणाऱ्याने परवानगी ठेवली असेल तरच ते हलायचं, आणि हलल्यावरही त्याचा काही भाग फोनमध्येच राहायचा. शिवाय केबल लावून फोन संगणकाला जोडला की अख्खं कार्ड संगणकाच्या ताब्यात जायचं. एकच कार्ड एका वेळी दोघांना लिहू देणं धोक्याचं, म्हणून फोनला ते तेवढ्यापुरतं दिसेनासं व्हायचं आणि कार्डावर हलवलेली ॲपही गायब व्हायची. केबल काढली की परत यायची. कारण माहीत नसलेल्यांना तो बिघाडच वाटे.

ही अडचण 2011 च्या सुमाराला सुटली, पण एक नवा घोळ देऊन. ॲप आणि फोटो यांच्यासाठी आतलीच एक सामाईक जागा वापरायची, असं ठरलं. संगणकाशी बोलायची पद्धतही बदलली. आता संगणक फाइल मागतो आणि फोन ती देतो, ताबा फोनकडेच राहतो. पण जुनी ॲप ‘एसडीकार्ड’ नावाच्या पत्त्यावर फाइली शोधत होती. ती बंद पडू नयेत म्हणून आतल्या जागेलाच तो पत्ता दिला गेला. परिणामी, ‘एसडीकार्ड’ असं लिहिलेली जागा म्हणजे फोनची आतली साठवण, आणि खरं कार्ड वेगळ्याच नावाने, पुढे तर बहुधा मधे आडवी रेघ असलेल्या आठ अक्षर-अंकांच्या खुणेने दिसू लागलं. फोटो ‘एसडीकार्ड’वर आहेत या भरवशावर फोन फॅक्टरी रीसेट करणाऱ्याचे फोटो गेले, तर त्याला दोष कसा द्यायचा? नाव चुकीचं होतं, वाचणारा नाही.

सर्वांत मोठा धक्का 2013 चा, अँड्रॉइड 4.4 चा. तोवर एक परवानगी मिळाली की बहुतेक फोनवर कोणतंही ॲप कार्डावर कुठेही लिहू शकत असे. फॅट पद्धतीत मालकीची नोंदच नसल्याने एका ॲपची फाइल दुसऱ्याने वाचली किंवा पुसली तरी अडवणारं कोणी नव्हतं. 4.4 पासून बाहेरच्या, म्हणजे फोनसोबत न आलेल्या ॲपला कार्डावर फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येऊ लागलं. सुरक्षेच्या बाजूने निर्णय योग्य होता, पण तो लोकांवर फार रुक्षपणे आदळला. फोन अपडेट झाला आणि काल चालणारा फाइल मॅनेजर आज कार्डावर काहीच हलवेना. 2014 मध्ये 5.0 ने मधला मार्ग काढला: वापरणाऱ्याने कार्डाचं फोल्डर स्वतः निवडून ‘याला इथे लिहू द्या’ असं सांगायचं. आज फाइल हलवताना मधेच जी खिडकी उघडते, तिचं मूळ इथे आहे.

2015 मध्ये अँड्रॉइड 6.0 ने उलट्या दिशेने प्रयत्न केला. कार्ड फोनने दत्तकच घ्यायचं, म्हणजे ते पुसून, कूटबद्ध करून आतल्या साठवणीचा भाग करायचं. मालकीचा प्रश्न मिटला, पण ते कार्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रात वाचता येईना. फोन बिघडला तर कार्ड हातात असूनही आतलं काही मिळत नाही. शिवाय संथ कार्डावर ॲप रखडायची. 2016 मध्ये एसडी असोसिएशनने ॲप चालवण्याइतक्या वेगवान कार्डांसाठी ए1 वर्ग आणला, तो याच कारणासाठी. अनेक कंपन्यांनी ही दत्तक सोय आपल्या फोनमध्ये दिलीच नाही.

या सगळ्यात ‘हलवणे’ या शब्दाचा अर्थही नीट पाहायला हवा. फोनच्या आतल्या आत फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, तर मजकूर जागचा हलत नाही. फक्त नोंद बदलते, म्हणून काम क्षणात होतं. कार्ड ही मात्र वेगळी साठवण. तिथे फाइल आधी अख्खी कॉपी होते आणि मग मूळ पुसली जाते. मोठ्या व्हिडिओला वेळ लागतो तो त्यामुळे, आणि मधेच कार्ड काढलं तर अर्धवट फाइल उरते तीही त्यामुळेच. 32 गिगाबाइटपर्यंतची कार्डं सहसा फॅट32 पद्धतीची असतात, आणि तीत 4 गिगाबाइटची एक अख्खी फाइल मावत नाही. कार्डावर भरपूर जागा असूनही एखादा लांबलचक व्हिडिओ जात नाही तेव्हा कारण बहुधा हेच असतं. त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट ही नंतरची पद्धत असते, तिथे ही मर्यादा आड येत नाही.

दरम्यान फोनमधली कार्डाची खाचच कमी होऊ लागली. आयफोनला ती 2007 पासून कधीच नव्हती. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतून ती 2015 मध्ये गेली, 2016 मध्ये परतली, 2021 मध्ये पुन्हा गेली. अँड्रॉइड 10 आणि 11 ने आतल्या साठवणीतही ॲपना आपापल्या हद्दीत बसवलं, म्हणजे 2013 मध्ये कार्डाला लागलेला नियम घरातही आला. काही फोनमध्ये मात्र नवं कार्ड घातलं की आजही विचारणा होते: ने-आण करण्यासाठी वापरायचं, की फोनच्या साठवणीत मिसळायचं? फोटो दुसरीकडे वाचायचे असतील तर पहिला पर्याय निवडा. दुसरा निवडला तर कार्डावर आधी जे काही असेल ते पुसलं जाईल.