बॅटरीवाली मोबिलिटी स्कूटर घरी नेल्यावर हे वाचा (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. चालायला त्रास असलेल्यांनी बसून फिरायच्या या गाडीसोबत कंपनीचं इंग्रजी पुस्तक येते, ते कोणी वाचत नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून हे पत्रक आपल्याकडचे रस्ते, ऊन अन् लाईटीचा हिशोब धरून मराठीत लिहिलं. गाडीवर बसणाऱ्या काका-मावशीनं तर वाचाच, पण रोज चार्जिंगला कोण लावणार आहे, नातू की सून, त्यांनाही वाचायला द्या. पूर्ण वाचायचा कंटाळा आला तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा: गाडीवर चढता-उतरताना चावी बंद पाहिजे, अन् गाडी फिरवून आणली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये या दोन कारणांच्याच जास्त असतात.

चालवायची कशी

हँडलवर जो लिव्हर आहे तो दाबला की गाडी चालते, सोडला की थांबते. ब्रेक कुठे आहे म्हणून सगळेच विचारतात, तर ब्रेक मोटरीतच आहे, करंट बंद झाला की तो आपोआप धरतो, थांबताना टक् असा बारीक आवाज येतो तो त्याचाच. त्यामुळे चढावर लिव्हर सोडला तरी गाडी मागे येत नाही. काही मॉडेलला वरून हातब्रेकही असतो पण रोजचं काम लिव्हरवरच होते.

आता यातली खरी अडचण सांगतो. माणूस घाबरला की मूठ आवळतो. अन् इथे मूठ आवळली म्हणजे लिव्हर दाबल्या जाते, गाडी थांबायच्या ऐवजी अजून जोरात जाते. ज्यांनी आयुष्यभर सायकल नाही तर लूना चालवली त्यांच्या हाताला ब्रेक दाबायचीच सवय आहे, सोडायची नाही. म्हणून पहिले काही दिवस शाळेच्या मैदानात नाहीतर खळ्यावर, स्पीडचं बटण एकदम कमीवर ठेवून, बाजूला घरचं कोणीतरी उभं करून फक्त एवढीच प्रॅक्टिस करा: तो ‘सोडा’ म्हणाला की हात उघडायचा. हे अंगवळणी पडेपर्यंत रोडवर जाऊ नका, काही घाई नाही.

चावीचं काहून एवढं सांगतो ते पाहा. उतरताना माणूस आधाराला हँडल धरतो, चावी चालू असली अन् बोट लिव्हरला लागलं की गाडी सरकते अन् माणूस खाली. म्हणून आधी चावी बंद, मग सीटखालचा खटका ओढून सीट बाजूला फिरवायची, खट् आवाज करून ती अडकली का पाहायचं, अन् मग सीटच्या हाताला धरून उतरायचं, हँडलला नाही. चढतानाही तसंच. पण चालत्या गाडीत चावी बंद करू नका, ब्रेक एकदम धरते अन् माणूस पुढे फेकल्या जातो.

मोटरीजवळ मागे अजून एक खटका आहे, त्याला आपण न्यूट्रल म्हणू. गाडी ढकलून न्यायची असली तरच तो पाडायचा, कारण त्यात ब्रेक सुटतो. उतारावर, किंवा कोणी बसलेलं असताना त्याला हात लावायचा नाही. लहान पोरं तिथे खेळतात, तेव्हा गाडी सपरीत उभी असली तरी चावी काढून घरात खिळ्याला टांगा अन् खटका वर आहे का एक नजर टाका.

चार्जिंग

आमच्या बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, सीलबंद लेड अॅसिड, पाणी टाकायचं काम नाही. या बॅटरीला उपाशी ठेवलेलं चालत नाही. काही लोक म्हणतात पूर्ण उतरू द्या मग चार्ज करा, मोबाईलच्या जुन्या बॅटरीवरून आलेली समजूत आहे ती, इथे उलटं आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो अन् तो मग चार्जरनं निघत नाही. म्हणून नुसतं देवळापर्यंत जाऊन आले तरी संध्याकाळी लावा अन् चार्जरचा हिरवा लाईट लागेपर्यंत मधात काढू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला ८ ते १२ तास लागतात. बिलाची काळजी करू नका, ३६ अॅम्पियर-अवरच्या जोडीत ८६४ वॅट-अवर वीज मावते, म्हणजे थोडं वाया गेलं धरून पूर्ण चार्जला एक-सव्वा युनिट.

लाईट गेली तर? तासा-दोन तासानं आली तर काही करायचं नाही, चार्जर पुन्हा आपला सुरू होतो. पण वादळात तार तुटली, डीपी जळाली अन् दोन दिवस लाईट येणार नाही असं दिसलं तर चार्जरची पिन गाडीतून काढून ठेवा, बंद चार्जर लावून ठेवला की काही मॉडेलमध्ये तोच हळूहळू बॅटरी ओढतो. संध्याकाळी मोटरपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते त्या गावांत रात्री झोपताना लावलेलं बरं. वावरातल्या थ्री फेजच्या पेटीतून वायर ओढून चार्जिंग अजिबात नाही.

उन्हाळा. आपल्या अकोला-चंद्रपूर-वर्धेकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन् लेड अॅसिड बॅटरी बनवणारे तिचं आयुष्य २५ डिग्रीचा हिशोब धरून सांगतात. तिथून १० डिग्री वाढली की आयुष्य जवळपास अर्धं, असा मोटामोटी नियम आहे. आता आपण काही बॅटरीसाठी एसी लावणार नाही, पण दुपारी टिनाच्या शेडखाली उभी करून चार्जिंगला लावू नका एवढं तर होते. कडुलिंबाच्या सावलीत ठेवा, गाडी थंड झाली की रात्री लावा.

अन् हे नीट वाचा. दिवाळीनंतर आपल्याकडे घराघरात कापूस भरून राहतो, भाव येईपर्यंत. त्या खोलीत चार्जर लावायचा नाही. चार्जर गरम होतो, सॉकेट ढिलं असलं तर ठिणगी पडते, अन् कापसाला एक ठिणगी पुरते. तुराट्या-पराट्यांचा ढीग, सोयाबीनची पोती, रॉकेल, यांच्याजवळही नाही. चार्जरवर टॉवेल-गोधडी झाकू नका, गादीवर ठेवू नका, मोकळ्या फरशीवर ठेवा, खिडकी उघडी ठेवा. सॉकेट काळं पडलेलं दिसलं तर आधी वायरमनला बोलवा. लिथियमवाली गाडी घेतली असेल तर तिला फक्त तिचाच चार्जर, दुसरा पिनला बसला तरी लावायचा नाही.

गाडी वापरात नसली, म्हणजे आजोबा पोराकडे पुण्याला गेले दोन महिने, तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. तेव्हाच सीटखालचं झाकण उघडून उंदरानं वायर तर नाही कुरतडल्या ते पाहून घ्या, धान्याच्या खोलीत ठेवलेल्या गाडीत हे हमखास होते.

रस्ता, नाली अन् काळी माती

गाडी किती किलोमीटर चालते ते कंपनी सपाट पक्क्या रोडचं लिहिते. आपल्या गावच्या गिट्टी उखडलेल्या रोडवर, चढ-उतारावर ते कमीच भरते. बॅटरीचा काटा गाडी उभी असताना पाहू नका, तेव्हा तो खोटा जास्त दाखवते, सपाट रोडवर चालता चालता पाहा. अर्ध्यावर आला की घराकडे वळा.

वळताना स्पीड कमी. तीनचाकी घेतली असेल तर जास्तच सांभाळा, लहान जागेत छान वळते पण जोरात वळवली की कलंडते. चढावर सरळ जा अन् अंग थोडं पुढे घ्या, तिरपं जाऊ नका. उतारावर बटण सगळ्यात कमीवर. नालीचा काठ नाहीतर गतिरोधक आला की गाडी सरळ समोरून न्या, एक चाक आधी अन् एक नंतर असं केलं की गेलेच. नालीवरच्या फरश्या कुठे ढिल्या आहेत हे घरच्या माणसानं आधी पायी जाऊन पाहून ठेवावं.

पावसाळ्यात पांदण रस्त्यानं वावरात जायचा हट्ट करू नका. काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरणंच बंद होते, मग मोटर जोर लावते, गरम होते अन् ब्रेकरचं (जास्त करंट ओढला की लाईन तोडणारं) बटण उडते. रिमझिम चालते, पण साचलेल्या पाण्यातून गाडी घालायची नाही, मोटर अन् वायरिंग खालीच आहे. आलेला चिखल वाळू द्या अन् ब्रशनं झाडा, वर ओल्या फडक्यानं पुसा. ट्रॅक्टर धुतो तसा पाईप लावून कृपा करून धुवू नका, पाणी कंट्रोलरमध्ये (मोटरीचा करंट सांभाळणाऱ्या पेटीत) गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही अन् कंट्रोलर स्वस्त नाही.

हवेच्या चाकात बाभळीचा काटा जाणारच. हवा किती भरायची ते टायरवरच लिहिलेलं असते, दोन्ही बाजूला सारखी पाहिजे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. भरीव टायरला पंक्चर नाही पण हादरे जास्त बसतात, कंबरेचं दुखणं असलेल्यांनी घ्यायच्या आधी चालवून पाहावी.

कपड्याचं वेगळं सांगायची गरज आहे. मावश्यांनो, पदर खोचून बसा. लुगड्याचा सोगा, धोतर, उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा, यातलं काहीही मागच्या चाकात गेलं तर माणूस मागे ओढल्या जातो. हँडलला बाजाराची जड थैली लटकवू नका, स्टिअरिंग ओढते, सामान टोपलीतच ठेवा. नातवाला मांडीवर घेणं, मागे सिलिंडर बांधणं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, दोन्ही बंद. गाडीची वजनाची मर्यादा प्लेटवर लिहिली आहे, त्यात माणूस अन् सामान दोन्ही धरायचं. मागची दोन छोटी चाकं काहून लावली म्हणून काढून टाकू नका, गाडी चढावर मागे उलटू नये म्हणून ती आहेत.

कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, थांबा. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल वाजंत्रीनं बिचकलेले असतात, त्या गर्दीत गाडी नेऊ नका, ओट्यावरूनच पाहा. अंधार पडल्यावर हायवेला लागू नका, अन् मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी आम्ही फुकट लावून देतो, ती तरी लावून घ्या. डोळ्यावर झापड येणारं औषध घेतलं असेल किंवा मोहाची घेतली असेल त्या दिवशी गाडी घरीच.

घराचा रॅम्प

घरासमोर सिमेंटचा रॅम्प करताना मिस्त्री जागा वाचवतो अन् घसरगुंडी करून ठेवतो. हिशोब १ ला १२ चा आहे, ओटा एक फूट उंच तर रॅम्प बारा फूट लांब, दीड फूट असला तर अठरा. लांब वाटते पण तेवढा लागतेच, अंगणात वळवून घ्या. वर घोटाई करू नका, झाडूनं रेषा मारा, नाहीतर पावसात चाक घसरते. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधी त्याला ग्रामसेवक म्हणायचे) लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

लायसनचं बरेच जण विचारून राहिले. मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची अन् स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे ती मोटार वाहनात धरत नाहीत. तुमच्या मॉडेलचा आकडा प्लेटवर आहे, मोठी मोटर असली तर आधी आम्हाला विचारा.

चालत नसेल तर

मेकॅनिक बोलवायच्या आधी पाहा: चार्जरची पिन लागून तर नाही (बऱ्याच गाड्या चार्जर लावलेला असताना चालतच नाहीत), मागचा न्यूट्रलचा खटका पडलेला तर नाही, चावी फिरवताना लिव्हर दाबलेला तर नव्हता. चावी बंद करून पुन्हा चालू करा. ब्रेकरचं बटण बाहेर आलं असेल तर पाच मिनिटं थांबून दाबा, पण लगेच परत उडालं तर दाबत बसू नका. गावच्या मोटारसायकल मेकॅनिकला टायर-पंक्चर करू द्या, वायरिंग उघडू देऊ नका.

बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच अॅम्पियरच्या. एक नवी एक जुनी लावली की जुनी नवीलाही घेऊन बसते. ट्रॅक्टरची नाहीतर जीपची बॅटरी स्वस्तात बसवून देणारे भेटतील, ती सेल्फ मारायला बनवलेली असते, थोडा वेळ भरपूर करंट देणारी, रोज खोल उतरणं तिला झेपत नाही अन् आडवी झाली तर अॅसिड सांडते. बदलताना पाना दोन्ही टर्मिनलला एकदम लागला तर मोठी ठिणगी पडते, हातातलं कडं-अंगठी काढूनच हात घाला. अॅसिड अंगाला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवत राहा अन् डॉक्टरकडे जा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडू देऊ नका, त्यात शिसं आहे, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घ्यायची व्यवस्था आहे, आमच्याकडे आणून द्या, नव्या जोडीत वजा करू.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, ब्रेक, मोटरीचे कार्बन अन् नटबोल्ट पाहावे लागतात. पेरणी आटोपली की आम्ही गावोगावी येतो, एका गावात तीन-चार गाड्या असल्या तर एकाच दिवशी सगळ्या करून टाकू, सरपंचाकडे निरोप ठेवा. आमचा नंबर बिलावर आहे. फोन करताना मॉडेल सांगा अन् गाडी बीप देत असेल तर ते किती वेळा वाजले ते मोजून सांगा, अर्धं काम तर फोनवरच होते.