इमर्जन्सी मोड का रेस्क्यू मोड? व्हीएम कुठं अडकली ते आधी बघा

जळगाव-धुळ्याकडं छोट्या ऑफिसांचे, जिनिंगवाल्यांचे सर्व्हर सांभाळणारी पोरं सर्रास फोन करतात, 'भाऊ, व्हीएम रेस्क्यूला गेली' (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, इथं लिनक्सवाली), आणि स्क्रीनचा फोटो मागवला की त्यावर चक्क इमर्जन्सी मोड लिहिलेलं असतं. घोळ होणारच म्हणा, दोन्हीकडं काळी स्क्रीन, रूट पासवर्ड मागणार, एसएसएच (दुरून लॉगिन) बंद, आणि वर हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, मात्र बिनधास्त 'रनिंग' दाखवत बसतो.

फरक असा की रेस्क्यूत आपण जातो आणि इमर्जन्सीत बहुतेकदा मशीन स्वतः जाऊन पडतं. रेस्क्यू म्हणजे जुना सिंगल युजर मोड, ग्रबमधे (बूटच्या मेन्यूत) कर्नलच्या ओळीत मागायचा, त्यात सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम, लोकल फाइलसिस्टम माउंट करतं (डिस्क फोल्डरला जोडतं), बेसिक गोष्टी चालू होतात, फक्त नेटवर्क नसतं. इमर्जन्सीत जवळपास काहीच नसतं, नुसता शेल (कमांड टाइप करायची जागा), आणि रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, बऱ्याचदा रीड-ओन्ली, म्हणून एडिटरात फाइल सेव्हच होत नाही. आधी रूट रीड-राइट रीमाउंट करा मग पुढं. आणि एफएसटॅबच, म्हणजे बूटला कुठली डिस्क कुठं माउंट करायची ती यादी, बिघडलेली असेल तर रेस्क्यू मागूनही उपयोग नाही, माउंट फेल झालं की पुन्हा इमर्जन्सीतच.

नेहमीचं कारण तेच, कुणीतरी डेटा डिस्क काढली किंवा नव्यानं फॉरमॅट केली, यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) बदलला, एफएसटॅबमधली ओळ तशीच राहिली. बूटला स्क्रीनवर 'स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिटाचा काउंट चालतो, तो संपला की त्या माउंटच्या नावानं 'डिपेंडन्सी फेल्ड', आणि झालं, मशीन इमर्जन्सीत. स्क्रीनवर ड्रॅकटचा प्रॉम्प्ट दिसला तर मात्र प्रकरण तिसरंच, तिथं बहुतेकदा रूट डिस्कच सापडलेली नाही, इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी तात्पुरती सिस्टम, ड्रॅकट तीच बनवतं) बघा.

आता ऑटोमॅटिक रिकव्हरी. बरेच जण वॉचडॉग लावतात, व्हीएम उत्तर देत नाही तर रीस्टार्ट. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडालेला असताना मोटरचं बटण दाबत राहण्यासारखं आहे हे, एफएसटॅब तीच तर निकालही तोच. शिवाय क्लाउड इमेजमधे रूट अकाउंट बहुतेक लॉक असतं, म्हणजे कन्सोल मिळूनही आत जाता येत नाही. म्हणून दुरुस्ती बाहेरून. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचं अलार हे रिपेअर टूल हेच करतं, ओएस डिस्कची कॉपी काढून दुसऱ्या रिपेअर व्हीएमला जोडतं, एफएसटॅबची प्रत ठेवतं आणि बूटला न लागणाऱ्या ओळी काढून टाकतं, मग डिस्क परत मूळ व्हीएमला लावायची. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर अशा कामाला ईसीटू रेस्क्यू आहे. घरच्या केव्हीएमवर (लिनक्समधला हायपरवायझर) व्हीएम बंद करून गेस्टफिश या टूलनं, बाहेरूनच डिस्क उघडून, तीच ओळ कमेंट करता येते, आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊन. पण एक्सएफएस फाइलसिस्टम दुरुस्त करणारी एक्सएफएस रिपेअर कमांड मोठ्या एल ऑप्शननं ऑटोमॅटिक चालवू नका, तो फाइलसिस्टमचा लॉगच शून्य करतो, ते माणसानं बघून ठरवायचं काम आहे.

बूट झालं म्हणून लगेच चहाला जाऊ नका, खरा धोका इथून पुढं. ओळ काढली किंवा एफएसटॅबमधे आधीच नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) लावलेलं असलं तर व्हीएम वर येते, पण डेटा डिस्क माउंटच नाही आणि डेटाबेस त्या रिकाम्या फोल्डरवर चालू व्हायची शक्यता असते. अकाउंटवाला म्हणणार सगळ्या एंट्र्या गेल्या, आणि तोवर नव्या एंट्र्या भलत्याच डिस्कवर पडायला लागलेल्या, त्या नंतर जुळवत बसा. म्हणून नोफेल लावाच, पण डेटाबेसच्या सर्व्हिस फाइलमधे तो पाथ खरंच माउंट पॉइंट असेल तरच सुरू हो अशी कंडिशनही टाका, आणि एफएसटॅबला हात लावला की रीबूटच्या आधी फाइंडएमएनटी कमांडचं व्हेरिफाय (एफएसटॅब तपासणारं) चालवून बघा, चुकीचा यूयूआयडी तिथंच कळतो.