स्पीकरमधली घरघर: माग निर्दोष आहे

सोलापूरच्या पूर्व भागात भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असेल, तर स्पीकरमधल्या घरघरीचं खापर हमखास त्याच्यावर फुटतं. मागाची मोटर चालू-बंद होताना फार तर ‘टक्’ असा एखादा ठोका येतो. अखंड घरघर बहुधा घरातलीच असते.

आधी व्हॉल्यूम फिरवून बघा. शून्यावरही घरघर तेवढीच राहिली तर संशय अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायवर. आपली वीज 50 हर्ट्झची. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर तिचे सेकंदाला 100 हेलकावे होतात आणि ते सपाट करायचं काम फिल्टर कॅपॅसिटरचं. उष्णतेनं तो आतून सुकतो, कधी माथ्यावर फुगतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त आणि 85 ऐवजी 105 अंश सेल्सिअस तापमान सोसणारा घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो जास्त टिकतो. सेट बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून हे काम मेकॅनिकनंच करावं.

घरघर व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटच्या सगळ्या केबल काढा. शांत झालं? मग एकेक परत लावा. पुष्कळदा चोर सापडतो टीव्हीच्या केबलमध्ये. अ‍ॅम्प्लिफायरला अर्थिंग मिळतं तीन पिनांच्या प्लगमधून आणि सेटटॉप बॉक्समार्गे रस्त्यावरून आलेल्या केबलच्या जाळीतूनही (आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण). या दोन अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे ऑडिओ केबलच्या जाळीतून करंट वाहू लागतो. समजा जाळीचा रोध 0.1 ओहम आणि करंट 100 मिलिअँपिअर, तर 10 मिलिव्होल्ट थेट गाण्यात मिसळले. गाण्याचा सिग्नलच जेमतेम 300 मिलिव्होल्टचा. तंबोरा मंद वाजत असेल तर घरघर त्याच्यावर कुरघोडी करणारच.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी भागलं नाही तर टीव्हीच्या केबलमध्ये आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जाळीचा जोड तोडणारा भाग, बसवा. लॅपटॉपसाठी छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ऑडिओ आयसोलेटर चालतो. स्वस्तातला मात्र खर्ज खातो. अर्थची पिन मोडून घरघर जाते खरी, पण आत वायर सुटली तर सेटच्या पत्र्यालाच करंट येतो. हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं सुरक्षिततेसाठी चांगलंच, पण त्यानं ही घरघर थांबत नाही.

घरघरीऐवजी चरचर ऐकू येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहा. डिमरसारखा गोल फिरणारा रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धी लाट मध्येच कापतो. कॅपॅसिटरवाला, टप्प्याटप्प्यानं फिरणारा बसवला की चरचर थांबते.